हातातोंडाची गाठ

१२ जानेवारी, रविवार

दादा,

पत्राच्या वरती काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं. सात वर्षं अबोला धरलेल्या भावाला काय लिहायचं, ते मात्र गुरुजींनी पुढच्या इयत्तेवर ढकललं असावं. म्हणून नुसतं दादा. फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस, तुझी मर्जी. पत्ता वहिनीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला भंडावून सोडलं होतं.

ताई आजारी आहे. साधंसुधं दुखणं नाही. तिचं लिव्हर तिच्याच शरीराने पोखरलंय. का, ते डॉक्टरांनाही धड सांगता येत नाही. आयुष्यभर दारूच्या वाऱ्याला उभी राहिली नाही आणि तिच्याच वाट्याला हे भोग. डोळे पिवळेधमक, पोटात पाणी, अंगाला अशी खाज की झोपेतही हात चालूच. मोठे डॉक्टर म्हणाले, औषधांचं काम संपलं. आता घरच्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. तो तिच्या पोटात वाढतो आणि देणाऱ्याचाही परत भरून येतो. हाताशी फार तर तीन महिने आहेत.

घाबरू नकोस, तुझ्याकडे तुकडा मागायला बसलेलो नाही. विसाव्या वर्षी तुला झालेली ती ब प्रकारची कावीळ मी डॉक्टरांना सांगितली, त्यांनी तुझं नाव तिथल्या तिथे खोडलं. माझ्या बायकोचा, हिचा, रक्तगट जुळत नाही. ताईला मूलबाळ नाही. आपल्या दोघांना वाढवता वाढवता तिचं लग्नाचं वय निघून गेलं. उरलो मी. माझं रक्त जुळलं, नळ्या जुळल्या, सगळं जुळलं. मी आनंदाने उठलो तर डॉक्टर म्हणाले, "बसा. तुमच्या लिव्हरमध्ये एकवीस टक्के चरबी आहे. असलं लिव्हर कापलं तर तुम्हीही जाल आणि त्याही. दहाच्या खाली आणा, मग बोलू."

पंचवीस वर्षं भट्टीपुढे उभं राहून गरम पाव हाणल्याचं हे फळ. तोंड लपवायला जागा राहिली नाही. ताईला सांगितलं तर एवढ्या दुखण्यात ती खुदकन हसली. खाटकाकडे लिव्हरला काळीजच म्हणतात ना? म्हणाली, "तुझं काळीज मोठं आहे हे मला ठाऊक होतं. लोण्यात घोळलंय हे नव्हतं ठाऊक."

तर आता मैदा बंद, साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, फळंसुद्धा मोजून. अंडी, मासे, कोबी, फ्लॉवर, काकडी, दही, मूठभर दाणे. इस्पितळातल्या आहाराच्या मॅडमनी कागदावर लिहून दिलंय आणि खाली दोन रेघा ओढल्यात. पाववाल्याने पाव सोडायचा म्हणजे कोळ्याने पाण्याशी वैर धरायचं. मी म्हणालो, तीन महिने भट्टीच बंद ठेवतो. त्यावर ताई उसळली. "माझ्यापायी भट्टी एक दिवस जरी थंड पडली तर मी तुझं काही घेणार नाही. आहे तशी जाईन." आईबाबा गेल्यावर तिनेच ती भट्टी आपल्यासाठी पेटती ठेवली. तिचा शब्द मोडायची माझी छाती नाही.

कळवायचं ते कळवलं. तुझ्याकडून काही नको. मागचं काही उकरत नाही.

तुझा धाकटा

२ फेब्रुवारी, रविवार

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण रविवारी दुपारी भट्टी थंड असते, ही ताईपाशी बसलेली असते आणि मला मन मोकळं करायला कुणी तरी लागतं. पैलवान आहे, पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे पिठाच्या पोत्याशी बोलायचं. तो अजून तसाच आहे. काडीसारखं अंग आणि नाव पैलवान. पीठ मळायला लागला की मात्र अजूनही नाव सार्थ करतो.

तीन आठवडे झाले. पहिल्या चार दिवसांत माझं डोकं असं दुखलं की मला वाटलं, ताईच्या आधी मीच जातो. पाचव्या दिवशी वजनाच्या काट्यावर दीड किलो कमी. आज साडेतीन. दादा, अंड्याचं तोंड बघवत नाही रे! सकाळी उकडलेलं, दुपारी परतलेलं, रात्री कोबीत लपवलेलं. परवा स्वप्नात कोंबडी आली आणि म्हणाली, "आता पुरे कर."

खरं नवल हिचं आहे. ती एका अक्षराने न बोलता माझ्याच ताटातलं खायला लागली. चहात साखर नाही, ताटात भात नाही. मी म्हटलं, "तुला कशाला हे? तुझं काळीज कुणाला नकोय." तर म्हणे, "तुम्ही समोर कोबी चिवडत बसायचं आणि मी भात ओरपायचा? घशाखाली उतरेल का?" लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या बाईचे आभार मी कधी मानले असतील असं आठवत नाही. त्या दिवशी मानले. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताईचं सांगतो. परवा पाणी काढलं, सहा लिटर. त्यानंतर जरा हलकी झाली, उशीला टेकून बसली. पण मधूनच शब्द हरवतात. 'खिडकी' म्हणायचं असतं आणि 'चमचा' म्हणते. मग स्वतःच ओशाळते. तिच्यापुढे आपण दोघं पाढे चुकायचो तेव्हा ती कधी हसली नव्हती. मीही हसत नाही.

मी मात्र शपथेवर सांगतो, तीन आठवड्यांत पावाचा तुकडा तोंडात घातलेला नाही. दिवसाला सहाशे पाव भट्टीतून बाहेर काढतो आणि काकडी खातो. बारा तारखेला पुन्हा तपासणी आहे. मॅडम म्हणतात, पंधराच्या खाली यायला हवं.

त्या अळणी पावांच्या दिवशी मी तुला चारचौघांत बोललो, ते जरा जास्तच झालं. एवढंच म्हणतो.

तुझा धाकटा

१६ फेब्रुवारी, रविवार

दादा,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनी एक ओळ, तीही अशी: 'अंड्यावर मिरी घाल.' खाली ना नाव, ना गाव. पण ते 'घ' तुझ्याशिवाय कुणाचं नाही. मी ते कार्ड हिला दाखवलं, पैलवानाला दाखवलं, ताईच्या उशाशी ठेवलं. ताईने तीनदा वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. मिरीच हवी." दादा, मिरी घातली. खरंच खाववतं. देव तुझं भलं करो.

आता वाईट बातमी. चरबी अठरा.

एक महिना जिभेला कुलूप लावलं आणि कमी झाली फक्त तीन टक्के. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की काय खाता?" मी कागद पुढे केला. घासन्‌घास लिहून ठेवतो मी. मॅडमनी तो वाचला आणि म्हणाल्या, "कागद खोटं बोलत नाही, पण लिव्हरही खोटं बोलत नाही. दोघांपैकी एकाकडून काहीतरी राहतंय." मला राग आला. मी म्हणालो, "बाई, बहीण मरायला टेकलीय माझी. चोरून खाईन मी?" त्यांनी भट्टी किती वाजता पेटते, एवढंच विचारलं.

घरी आल्यावर बघतो तर ही माझ्या सदऱ्याचे खिसे तपासतेय. एकाच्या तळाशी पावाचा चुरा निघाला. मी म्हटलं, पाववाल्याच्या खिशात चुरा नाही निघणार तर काय सोन्याची वाळू निघणार? ती म्हणाली, "मला काही विचारायचं नाही." न विचारणाऱ्या बाईइतकं भयंकर काही नसतं. दोन दिवस आमचंही बोलणं बंद होतं.

ताईचं बोलणं मात्र काळजाला घरं पाडून गेलं. तिने हाक मारून जवळ बसवलं. म्हणाली, "खाल्लं असशील तर खाल्लंस. मला राग नाही. लहानपणापासून तुला भूक आवरत नाही." मी म्हणालो, "ताई, मी खाल्लं नाही गं." तिने माझा हात थोपटला. खोटं बोलणाऱ्या पोराला थोपटतात तसा. ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणतात, एप्रिलचा पहिला आठवडा शेवटचा. त्यानंतर तिचं शरीरच शस्त्रक्रिया सोसणार नाही.

तुझा धाकटा

२० फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

चोर सापडला. चोर मीच.

मंगळवारी सकाळी सहाला भट्टीच्या दारात बघतो तर आहाराच्या मॅडम. हातात छत्री, पायात इस्पितळातल्या पांढऱ्या चपला. "तुमचं काम चालू द्या, मी नुसती बघते." मला वाटलं, पाव कसे होतात ते बघायची हौस असेल, लोकांना असते. एक स्टूल दिलं. त्या बसल्या. मी पीठ कापलं, गोळे केले, साचे भरले, लांब दांड्याच्या फावड्याने ट्रे आत सारले, भाजलेले काढले. अर्ध्या तासाने त्या उठल्या आणि म्हणाल्या, "अकरा."

"अकरा काय?"

"अकरा वेळा तुमचा हात तोंडात गेला."

मी हसलो. म्हणालो, "छे! काहीतरीच." त्यांनी पैलवानाकडे पाहिलं. महिन्यातून एक वाक्य बोलणारा तो माणूस बोलला. "बारा. बाई शिंकल्या तेव्हा एकदा गेला."

दादा, तुला सांगायला नकोच. पीठ फुगलं का ते बघायला एक चिमूट. मिठासाठी एक. पहिला पाव निघाला की त्याची कड मोडून, पोत बघायला. दुसऱ्या ट्रेची, आच सारखी लागली का म्हणून. पंचवीस वर्षं हा हात असाच चाललाय, डोक्याला न विचारता. ते खाणं आहे हे माझ्या कधी मनातच आलं नाही. ते काम होतं! मॅडमनी हिशेब केला: तीन तासांत दीड पाव, रोजचा. तोंडी लावायला कच्चं पीठ. लोकांची हातातोंडाची गाठ पडता पडत नाही आणि माझी सोडवता सुटत नाही.

मी तिथेच पोत्यावर बसलो. आधी लाज वाटली, मग हसू आलं आणि मग रडू आलं. पंधरा माणसं पावासाठी दारात उभी होती, त्यांच्यासमोर. मॅडम म्हणाल्या, "अहो रडता काय? मी तर खूश आहे. चोरी करणाऱ्याला सुधारणं कठीण असतं. सवयीला फडकं बांधता येतं." आणि पैलवानाने खरंच धुतलेलं फडकं आणून माझ्या तोंडावर बांधलं, मागे दोन गाठी मारून. मी त्या बाईच्या पाया पडणार होतो, त्या छत्री आडवी धरून मागे सरल्या. पहाटे उठून, दोन बस बदलून, माझ्यावर संशय घेण्याऐवजी माझा हात बघायला आली ती बाई. या जगात अशी माणसं आहेत, दादा, आणि मी त्यांच्यावर ओरडतो.

घरी येऊन हिला सांगितलं. ती इतकी हसली की भिंतीला धरून खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "मी खिसे तपासले, मला माफ करा." मी म्हटलं, "तू खिसे तपासलेस, तोंड तपासायला हवं होतंस."

पण आता निराळंच कोडं आहे. चव कुणी बघायची? हिला दिलं तर सगळंच "छान झालंय." पैलवानाची जीभ तंबाखूने कधीच नेली. आणि माझं म्हणशील तर फडकं बांधल्यापासून मी आंधळ्यासारखा काम करतोय. तोंड बंद झालं तसं डोकंही चालेना. आज सकाळी घाणा चुकला. मीठ घालायचंच राहिलं. शंभरच्या वर पाव परत आले. गल्लीच्या टोकाची शिंपीण म्हणाली, "भाऊ, अगदी अळणी हो."

अळणी. तो शब्द ऐकला आणि हातातलं फावडं गळून पडलं. उद्या लिहितो.

धाकटा

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

मला तुला बोलवायचं आहे. भट्टीवर उभा राहशील का, चव बघशील का, मी इस्पितळात जाईन तेव्हा आणि त्यानंतरचे दोन महिने भट्टी पेटती ठेवशील का? तुझ्याइतकी जीभ या धंद्यात मी कुणाची पाहिली नाही. पण ही विनंती करण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ती ऐकून तू येणार नाहीस अशीच शक्यता जास्त. आधी बोलावून घेऊन मग सांगितलं असतं तर सोयीचं झालं असतं. मी तसाच विचार केला होता, खोटं कशाला बोलू. पण एका खोट्यावर सात वर्षं काढलीत, आता त्याच्यावर ताईचा जीव ठेववत नाही.

त्या दिवशीचं मीठ मी विसरलो होतो. तू नाही.

शाळेची चारशे पावांची मागणी होती. तू तापातून उठून दोनच दिवस झाले होते, डोळे अजून तारवटलेले. मी मीठ मोजलं, वाडगा हातात घेतला, तेवढ्यात कुणीतरी बाहेरून हाक मारली. वाडगा पोत्यांमागे ठेवून मी गेलो. परत आलो तेव्हा पैलवानाने मळायला घेतलं होतं. तू विचारलंस, "मीठ?" मी न बघता म्हणालो, "झालं." तू चिमूटभर पीठ तोंडात टाकलंस आणि थबकलास. मला आठवतंय तू थबकलास. पण तापाने तोंडाची चव गेली असेल असं समजून तू गप्प राहिलास.

पाव परत आले तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांपुढे मी ओरडलो, "मीठ तू घालणार होतास! तुझी जीभ मेलीय, डोकंही गेलंय. आता घरी बस." त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग कपाळाला हात लावून, मीठ तुझ्याकडे कधी सोपवलं होतं ते आठवायचा प्रयत्न केलास. तुझं ते आठवणं मला अजून दिसतं. तुला आठवलं नाही. कसं आठवणार, घडलंच नव्हतं. तू ॲप्रन काढून खुंटीला लावलास आणि गेलास.

संध्याकाळी पोती हलवताना वाडगा सापडला, मिठाने भरलेला. ताई शेजारीच उभी होती. तिने तो उचलला, मीठ परत डब्यात ओतलं, वाडगा धुऊन पालथा घातला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी आपणहून बोलेन म्हणून वाट पाहत असेल. मी बोललो नाही. आधी वाटलं, उद्या सांगू. मग तू गाव सोडलंस. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माझी नको तिथेच सैल सुटली आणि हवी तिथे सात वर्षं टाळूला चिकटली.

वहिनी सांगते, तू कापडाच्या गोदामात गठ्ठे मोजतोस आणि घरी भाजीचीसुद्धा चव बघत नाहीस. म्हणतोस, मला कळत नाही. दादा, तुला कळतं. तुला त्या दिवशीही कळलं होतं.

मला क्षमा कर असं म्हणायची माझी लायकी नाही. ताईसाठी ये असंही म्हणत नाही, तो जुलूम होईल. खरं काय ते तुला माहीत हवं, एवढंच.

धाकटा

२३ मार्च, रविवार

दादा,

तू आतल्या खोलीत झोपला आहेस, मधे फक्त एक भिंत आहे आणि मी तुला पत्र लिहितोय. लोक म्हणतील, दोन्ही भाऊ एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. पण तू माझ्याशी बोलत नाहीस आणि मला लिहायची सवय लागलीय. हे पत्र तुझ्या ॲप्रनच्या खिशात ठेवीन.

पत्र टाकल्यावर नवव्या दिवशी सकाळी तू दारात उभा होतास. हातात एक पिशवी. मी फडकं बांधलेला, त्यामुळे माझं तोंड उघडं पडलं ते तुला दिसलं नाही. तू नळावर कोपरापर्यंत हात धुतलेस, खुंटीवरचा ॲप्रन घेतलास आणि परातीतलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलंस. डोळे मिटलेस. तू पैलवानाला म्हणालास, "मूठभर मीठ आण. आणि मालकांना सांग, फडकं सैल झालंय."

तेव्हापासून हेच चाललंय. "पैलवान, मालकांना विचार यीस्ट कुठे ठेवलंय." मी दोन हातांच्या अंतरावर उभा आणि पैलवान बिचारा मधे, महिन्याचा शब्दांचा कोटा दिवसात संपवतोय. काल तो हिच्यापाशी कुरकुरला, "दोघांचं बोलणं सुरू करा, नाहीतर मला पगार वाढवा."

तू रागावला आहेस. रागाव. मी चुकलोय आणि तू पिठात हात घातलेला मला दिसतोय. एका माणसाला याहून जास्त मागता येत नाही. तू ताईपाशी गेलास तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात होतो. तिला त्या दिवशी शब्द सापडत नव्हते. तुला बघून म्हणाली, "आलास? जेवलास?" एकही शब्द चुकला नाही. मग तुझा हात नाकाशी नेऊन तिने हुंगला. भट्टीचा वास होता ना त्याला. मला म्हणाली, "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं." ती म्हणाली, "उशीर केलास गाढवा," आणि शांत झोपली.

आता जे सांगायला हे पत्र लिहितोय ते. काल तपासणी झाली. आठ. दादा, आठ टक्के! मोठे डॉक्टर म्हणाले, "काय केलंत?" मॅडम म्हणाल्या, "यांच्या भावाने खाल्लं." वजन अकरा किलोनी उतरलं, पाटलोण दोरीने बांधतो. दोन एप्रिलला शस्त्रक्रिया आहे.

मला भीती वाटते. हिच्यापुढे बोललो नाही, तुला सांगतो. दिवसभर ताईची भीती वाटते आणि संध्याकाळी स्वतःची. माझं काही बरंवाईट झालं तर हिच्याशी बोलायला पैलवानाला मधे घालू नकोस.

पण आज दुपारी जेवायला बसलो, अंडं फोडलं, मिरी घातली आणि मनात आलं, माझ्यासाठी किती माणसं राबतायत. आभार, दादा. पैलवानाकरवी नाही, थेट.

धाकटा

११ एप्रिल, शुक्रवार

दादा,

बसून लिहायला कालपासून परवानगी मिळाली. पोटावर टाके आहेत, खोकला आला की तारे दिसतात. पण मी आहे. ताई आहे.

आज सकाळी मला चाकाच्या खुर्चीतून काचेपलीकडे तिला दाखवायला नेलं. नळ्यांच्या गुंत्यात पडली होती. तिने डोळे उघडले आणि दादा, डोळे पांढरे होते. पिवळ्याचा मागमूस नाही. पांढरा रंग इतका सुंदर असतो हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. तिने काचेतून हाताने विचारलं, दुखतंय का? मी मान हलवली, नाही. तिने बोट उगारलं, खोटं बोलू नकोस. मी परत मान हलवली, हो, दुखतंय. तेव्हा हसली. डॉक्टर म्हणतात, तुकडा रुजतोय. अजून महिनाभर सांभाळायचं, पण ते आता 'जर' म्हणत नाहीत, 'जेव्हा' म्हणतात.

मला सोमवारी सोडणार. मॅडम येऊन गेल्या. लिव्हर भरून येईपर्यंत नीट खा म्हणाल्या, आणि नंतरही पाव बेतानेच. मी म्हटलं, चव बघायला माणूस आहे आमच्याकडे.

ही सांगते, भट्टी एक दिवसही थंड पडली नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशीसुद्धा तू सकाळी सगळे पाव काढलेस आणि मग इथे येऊन बाकावर आठ तास बसलास, हिच्या शेजारी, पाण्याचा घोट न घेता. तू तिला काय बोललास तेही तिने सांगितलं. तू म्हणालास, "त्याला काही होणार नाही. तो लहानपणापासून चिवट आहे." तिला वाटलं तू तिला धीर देतोयस. मी तुला ओळखतो, तू स्वतःला देत होतास.

आता एक शेवटची कबुली. भेटायची वेळ चार ते पाच आहे. तू रोज आधी ताईच्या काचेपाशी जातोस आणि पाचला पाच कमी असताना माझ्या खोलीत येतोस. मी झोपलेला असतो, म्हणून दोन मिनिटं थांबून जातोस. आज तू खुर्ची ओढली नाहीस, उभाच राहिलास. पायाशी गेलेली चादर वर ओढलीस. माझ्या मनगटावर सुईचा निळा डाग पडलाय, त्याच्यावर अंगठा ठेवलास. परिचारिकेने विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" तू म्हणालास, "मोठा भाऊ आहे मी याचा." मग तिला हळूच म्हणालास, "झोपू दे त्याला, उठवू नका."

दादा, मी झोपलेला नव्हतो. आजही नाही, कालही नाही, एकाही दिवशी नाही. तुझी पावलं वाजली की मी डोळे मिटून घ्यायचो. तू काय बोलशील याची भीती नव्हती. तू काहीच न बोलता बघशील आणि मला तुझ्याकडे बघावं लागेल, याची होती.

हे पत्र हिच्या हाती पाठवतोय, रात्रीपर्यंत तुला मिळेल. उद्या ये. उद्या मी जागा असेन.

धाकटा